विरजण बरं आहे

४ तारीख, शनिवार

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा दुपारी पोचलं. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजूनही तुझ्या ओळी उजवीकडे चढत जातात, शाळेत बाई पट्टी मारायच्या तरी जायच्या तशाच. पोस्टमन म्हणाला, "जाड पत्र आहे बाई, काहीतरी मोठं दिसतंय." मी म्हटलं, "धाकट्या बहिणीचं आहे, तिला काहीतरी हवं असणार." तो हसला. मीही हसले.

इकडे सगळं ठीक. दुकान चालू आहे. इस्त्रीला आता एक बाई ठेवली आहे. आईच्या जागी असं काही म्हणवत नाही, पण हात बरा आहे, कॉलर नीट बसवते. मी आपली खिडकीपाशी, रफू आणि बटणं. डोळे शाबूत आहेत. कान मात्र आता नावालाच उरलेत, त्यामुळे शेजारणीकडे फोन करू नकोस. परवा ती तुझा निरोप माझ्या कानात ओरडून सांगत होती आणि खाली रस्त्यावरचे लोक वर बघत होते. आपलं लिहिणंच बरं. आपल्या दोघींत जे काही आहे ते पहिल्यापासून लिहूनच आहे.

तर तुझ्या दुकानातलं विरजण गेलं. नव्या कामवालीनं भांडं घासून लख्ख केलं आणि पालथं घातलं, आणि तू तिला रडेपर्यंत बोललीस. तिला बोलू नकोस गं. तळाशी चमचाभर ठेवायचं असतं हे तिला कोणी सांगितलं होतं का? जे सांगितलंच नाही त्याचा जाब माणसाला विचारू नये.

बाजारातलं विरजण लावून पाहिलंस, तीन ठिकाणचं आणलंस, आणि रोजची गिऱ्हाइकं पहिल्याच घासाला मान वर करून बघायला लागली, हेही समजलं. आणि चोवीस तारखेला ती वर्तमानपत्रातली बाई येणार. तुझ्या पाटीवर 'आईच्या हातचं दही' असं लिहिलंय ते वाचूनच तिनं यायचं ठरवलं म्हणतेस. म्हणजे तोवर आईच्या हातचं हवंच. आणि ते आता फक्त माझ्याकडे आहे.

तू लिहितेस, स्वतःच येते, एका दिवसाचा तर प्रवास. कशाला? दुकान सोडून कुठे धावत येतेस. मी ताजं लावून, नीट बांधून, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाबरोबर पाठवते. चोवीसला अजून पुष्कळ अवकाश आहे. विरजण बरं आहे. येण्याची घाई करू नकोस.

पद्धतही हवी म्हणालीस, 'आई करायची अगदी तशी, बाईला सांगायला.' ती लिहिते.

दूध जाड बुडाच्या पातेल्यात. आधी पातेल्यात दोन घोट पाणी फिरवून ओतून टाकायचं, म्हणजे तळाला लागत नाही. एक उकळी आली की आच बारीक करायची आणि दहा मिनिटं तिथेच उभं राहून ढवळायचं. मध्येच दुसरं काम काढायचं नाही. आई म्हणायची, दुधाकडे पाठ केली की ते बरोबर ओळखतं. मग उतरवून झाकण न ठेवता निवू द्यायचं. साय धरली तर धरू द्यायची.

किती निवू द्यायचं, हा खरा प्रश्न. तो एका पत्रात मावणार नाही. पुढच्या वेळी लिहिते.

तुझ्या पत्राच्या शेवटी आईबद्दल तू दोन ओळी 'गंमत म्हणून' लिहिल्या आहेस. त्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या. त्याबद्दलही लिहीन, सावकाश.

तुझ्या नवऱ्याच्या गुडघ्याला आराम असेल अशी आशा करते.

तुझी
ताई


१३ तारीख, सोमवार

प्रिय बारके,

आशीर्वाद. तुझी दोन पत्रं एकाच दिवशी आली. दुसऱ्यावर तर तारीख घालायलाही तुला वेळ झालेला नाही. एवढी कासावीस होऊ नकोस. ज्या ओळखीच्या बाई तुझ्या गावाला निघणार होत्या त्यांच्या सुनेचे दिवस भरत आलेत, त्यांनी बेत पुढे ढकलला. दुसरं कोणीतरी मिळेल. तुझं दुसरं पत्र म्हणतं, 'ताई, खरं सांग, विरजण आहे ना?' मी कधी खोटं लिहिलं आहे का तुला? विरजण बरं आहे. येण्याची घाई करू नकोस.

आता दूध किती निवू द्यायचं ते.

त्या वर्तमानपत्रातल्या बाईला तू सांगणार आहेस की आई दुधात करंगळी बुडवून दहा मोजायची. तसं तू दुकानात छापूनही लावलंयस म्हणे, आईच्या फोटोखाली. बारके, आईनं उभ्या आयुष्यात कधी दुधात बोट बुडवलं नाही. मला वाटायचं, तुला हे ठाऊक असेल. तू शाळेत असायचीस, मग खेळायला. तुला ताटात दही दिसायचं, तेवढंच.

आईच्या बोटांना काही कळत नव्हतं. इस्त्री तापली का बघायला ती ओलं बोट लावायची, चर्र आवाज यायचा, दिवसातून पन्नास वेळा. तिच्या बोटांची टोकं चपलेच्या तळासारखी झाली होती. सुई टोचली तरी तिला रक्त बघून कळायचं. तुझ्या जन्माच्या आधी तिनं दोनदा 'झालं कोमट' म्हणून कढत दुधात विरजण घातलं. संध्याकाळी भांडं उघडलं तर दूध दूधच. विरजण पोळून मेलं होतं. दोन्ही वेळा ती शेजारच्या जिन्यावरून थोडं मागून घेऊन आली, आणि दुसऱ्या वेळी तिथली म्हातारी म्हणाली, "बाई, तुमच्या हाताला जीव नाही, दुसऱ्या कुणाचा तरी लावा."

तेव्हा मी सहा वर्षांची होते. आई मला इस्त्रीच्या टेबलापाशी घेऊन गेली. "करंगळी दे," म्हणाली. मला तेव्हाही ऐकू कमीच यायचं, म्हणून ती तोंडानं मोजत नसे. डाव्या हातानं माझं मनगट धरायची आणि उजव्या हाताच्या बोटानं मनगटावर टकटक करायची. दहा वेळा. सातव्या टिचकीला मी बोट ओढलं तर अजून थांबायचं. दहापर्यंत सुखानं राहिलं तर जमलं. दहा होऊनही बोटाला काही वाटलंच नाही तर उशीर झाला, पातेलं पुन्हा आचेवर. मग चमचाभर विरजण वाटीत थोड्या दुधात मोडून घ्यायचं, गुठळी ठेवायची नाही, आणि कडेनं सोडायचं. एकदाच ढवळायचं.

तेव्हापासून तेहतीस वर्षं आपल्या घरातलं दही माझ्या बोटानं लागलं. आईचं टकटक आणि माझी करंगळी. बाहेर कोणाला माहीत नव्हतं, आणि सांगण्यासारखं त्यात काही आहे असं आम्हाला दोघींनाही वाटलं नाही.

भांडं ठेवायची जागा तुला आठवते ना? त्याला काही यंत्र-बिंत्र लागत नाही. नुकत्याच इस्त्री झालेल्या चादरींचा गठ्ठा, मधे भांडं, वरून आणखी दोन चादरी. दुपारी दोनला ठेवलं की दुकान बंद करायच्या वेळेला लागलेलं. मधे हलवायचं नाही, उघडून बघायचं नाही. एकदा तू गठ्ठा ओढलास आणि वकीलसाहेबांच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर दही सांडलं. वकील आले, कॉलर हुंगून म्हणाले, "हा वास कसला?" आई म्हणाली, "साहेब, नवी खळ आहे. परदेशी." ते खूश होऊन गेले आणि पुढल्या आठवड्यात म्हणाले, मागचीच खळ लावा. आपण तिघी किती हसलो होतो.

तुझ्या घरी चादरी इतक्या नसतील. जुनी शाल घे, किंवा झाकणाच्या मोठ्या डब्यात गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेव. दही सगळीकडे लागतं. चव मात्र विरजणाची.

एक सांगायला हवं. तू पाच वर्षांची असताना एकदा मधे घुसलीस. "आई, माझं पण बोट," म्हणत दुधात करंगळी घातलीस. आणि मी तुला ढकललं. म्हणाले, "हो बाजूला, तुझं बोट खरकटं, दूध नासेल." आई हसली. तू रडली नाहीस. बोट फ्रॉकला पुसलंस आणि गेलीस. त्यानंतर तू कधी त्या टेबलापाशी आली नाहीस, आणि मी कधी तुला बोलावलं नाही. हे मला आठवतं. मी विसरले आहे असं समजू नकोस.

आपण जुनी खोली सोडून इथे आलो तेव्हा आईनं विरजण कसं आणलं, ते तुला आठवतं का? भांडं तर सामानात फुटलं होतं. तू गाडीत झोपली होतीस. असो.

तुझी
ताई


२५ तारीख, शनिवार

बारके,

काल चोवीस होती. ती बाई येऊन गेली असेल. तिच्यापुढे तू कुठलं दही ठेवलंस मला माहीत नाही. तिनं घास घेतला असेल, मग पाटीकडे पाहिलं असेल. तुला तिच्या तोंडाकडे बघत उभं राहावं लागलं असेल. ते मला डोळ्यांसमोर आणता येतं. रोज आणते आहे.

तुझी सगळी पत्रं आली. बुधवारचा निरोपही मिळाला. 'मी निघाले आहे' असं तू शेजारणीला सांगितलंस. मी तिच्याकडूनच कळवलं की आज नेमकं कोणीतरी घेऊन निघालं आहे, तुमची चुकामूक होईल, तू घरीच थांब. तू थांबलीस. कोणीही निघालं नव्हतं.

आता तुझ्या त्या दोन ओळी. तुझ्याच अक्षरात आहेत, मी फक्त उतरवते.

'गंमत म्हणून सांगते. आई शेवटी शेवटी माझं मनगट धरायची, त्यावर टकटक करायची आणि मग हात सोडून म्हणायची, हे बोट नव्हे. रोज! डोकं अगदीच गेलं होतं बिचारीचं.'

माझ्या कपाटात तुझी चार कार्डं आहेत. तीही उतरवते, कारण तू ती विसरली असशील.

पहिलं : 'आई पोचली. डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. मांडीवर विरजणाचा डबा घेऊन आली, हसलो सगळे.'

दुसरं : 'आईला थोडा ताप होता. आता बरी आहे. येण्याची घाई करू नकोस.'

तिसरं : 'आई बरी आहे. येण्याची घाई करू नकोस.'

चौथं : 'आई गेली. झोपेतच. शेवटी कोणाला ओळखत नव्हती, त्यामुळे तुला बोलावून उपयोग नव्हता.'

मी पोचले तेव्हा तिची गादी गच्चीत उन्हात टाकलेली होती. तू मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, "ताई, तिला काही कळतच नव्हतं गं." मी तीन वर्षं त्या वाक्याच्या आधारानं झोपले. तिनं मला हाक मारली नसेल, कारण तिला मी आठवतच नसणार. बरं झालं, म्हणायची मी स्वतःला. तिला वाट बघावी लागली नाही.

दहा टिचक्यांत जिला कळत होतं की हे बोट माझ्या थोरलीचं नव्हे, ती कोणाला ओळखत नव्हती?

ती मला मागत होती, बारके. मला ऐकू येत नाही म्हणून जी खूण तिनं माझ्यासाठी केली होती, त्या खुणेनं. रोज. आणि तू रोज तुझा हात पुढे केलास, आणि तिनं रोज तो परत केला. मग तू कार्ड लिहायला बसलीस.

का केलंस ते मी ओळखू शकते. त्या फ्रॉकला पुसलेल्या बोटापासून मी विचार करत आले आहे. तुला वाटलं असेल, एकदा तरी आई फक्त माझी असू दे, शेवटचे थोडे दिवस तरी. मी सहा वर्षांच्या मुलीसारखी तिला कवटाळून बसले होते, हे खरं आहे. तुला जागाच ठेवली नाही, हेही खरं. पण तेव्हा मी पोर होते. तू बेचाळीस वर्षांची होतीस आणि तुला पोस्टाची पेटी माहीत होती.

बेचाळीस चुकून लिहिलं. बत्तीस. खोडत नाही.

तू मला आईचे शेवटचे दिवस सांगितले नाहीस. मी तुझ्यासारखी नाही. मी तुला विरजणाचे सगळे सांगते.

चार तारखेला, पहिलं पत्र पेटीत टाकून आले, तेव्हा ते उत्तम होतं. घट्ट, वरून गुळगुळीत, चमचा घातला की कडा उभी राहायची. मी वाटी मागच्या फळीवर ठेवली आणि त्यातून दही लावणं बंद केलं. मीही खाल्लं नाही. रोज फक्त उघडून बघायची.

चौथ्या दिवशी कडेनं पाणी सुटलं. सातव्या दिवशी मधोमध भेग पडली. 'मी कधी खोटं लिहिलं आहे का' हे तुला लिहिलं त्या सकाळी वास बदलला होता, आंबट नव्हे, जुन्या ओल्या कापडासारखा. तेव्हाही वाचवता आलं असतं. नुसतं ताजं दूध कोमट करून एक चमचा घालायचा होता. दूध घरात होतं. करंगळी माझ्याजवळच होती. मी झाकण लावलं आणि तुला 'बरं आहे' लिहिलं.

सोळाव्या दिवशी पिवळा तवंग. अठराव्या दिवशी एका बाजूला बुरशीचा ठिपका, शर्टाच्या बटणाएवढा. रफूचं काम करताना मी मधेच उठून बघून यायची. इस्त्रीवाली म्हणाली, "ताई, वास येतोय, टाकू का?" मी म्हटलं, "राहू दे. त्याला काही त्रास होत नाही."

काल संध्याकाळी, त्या बाईनं तुझं दुकान सोडलं असेल त्या सुमाराला, मी वाटी मोरीत उपडी केली आणि वर कढत पाणी ओतलं. तेहतीस वर्षं आईबरोबर, मग तीन माझ्या एकटीनं. एकटीनं म्हणजे उजवी करंगळी दुधात आणि डाव्या हातानं स्वतःच्याच मनगटावर टकटक. ते धुऊन गेलं. मला वाटलं होतं, बरं वाटेल. वाटलं. थोडा वेळ का होईना, खूप बरं वाटलं. हे तुझ्यापासून लपवणार नाही. मग मी मोरीपाशीच खाली बसले.

आता ते, जे तू गाडीत झोपली होतीस म्हणून पाहिलं नाहीस. भांडं फुटलं तेव्हा आईनं उरलेल्या दह्यात इस्त्रीवर पाणी मारायचा स्वच्छ फडका बुडवला, सावलीत वाळवला, घडी करून पोलक्यात ठेवला. इथे आल्यावर कोमट दुधात त्याचा तुकडा टाकला, पहिल्या दिवशी नुसतं आंबट पाणी, दुसऱ्या दिवशी पातळ, तिसऱ्या दिवशी आपलं दही.

चार तारखेला, वाटी फळीवर ठेवायच्या आधी, मी आईचा फडका बुडवला. तो वाळून कडक झाला आहे, पापडीसारखा. कागदात गुंडाळून रफूच्या दोऱ्यांच्या डब्यात ठेवला आहे. त्यात जीव आहे की नाही, मला माहीत नाही. मी दुधात घालून पाहिलेला नाही.

तू मला लिही. ती मांडीवर डबा घेऊन उतरली तिथपासून गादी गच्चीत टाकलीस तिथपर्यंत. ताप कधी आला, कोणत्या कुशीवर झोपायची, काय मागितलं, काय खाल्लं. टकटक कोणत्या दिवशी सुरू झाली. 'हे बोट नव्हे' म्हटल्यावर ती कुठे बघायची. आणि तिसरं कार्ड लिहिलंस त्या दिवशी ती काय म्हणाली. डोकं गेलं होतं असं एकदाही न लिहिता लिही.

सगळं लिहिलंस तर फडका देईन, असं मी म्हणत नाहीये. मी वाचेन. मग ठरवीन. तोवर तू वाट बघ, जशी तिनं बघितली, रोज, दरवाजाच्या आवाजाकडे कान देऊन. तुझे कान तर चांगले आहेत.

फडका बरा आहे.

येण्याची घाई करू नकोस.

जिचं बोट होतं ती,
ताई